जनाबाई किती ठेवू?

पाठीवर काचेची खिडकी असलेली चिप तुम्ही कधी पाहिली आहे? नसेल, तर डोंबिवलीत नीलाताईंच्या शिवणाच्या कपाटाचा वरचा खण उघडा. बटणांच्या डबीशेजारी काळ्या स्पंजात चोवीस पाय रोवून बसलेली दिसेल ना, तीच मी बोलतेय. माझ्या पोटात जेमतेम दोन हजार अंक मावतात. आजकालच्या चिपांना हे ऐकून हसू येईल. येऊ दे. त्यांच्यापैकी एकीनं तरी कुणाच्या आईची राखण केली आहे का, ते आधी विचारा.

ही खिडकी शोभेची नाही. तिच्यातून कडक ऊन किंवा जंतू मारणाऱ्या दिव्याचा जांभळा उजेड आत गेला की माझ्यात लिहिलेलं सगळं पुसलं जातं आणि नवं लिहिता येतं. एरवी खिडकीवर चिकटपट्टी लावून ठेवतात. पुसल्यावर जुनं कसं आठवतं, असं तुम्ही विचाराल. माझ्यात दर वेळी नवं म्हणून जे आलं, ते जुन्यातली चूक तेवढी काढून आलं. त्यामुळे काही विसरल्यासारखं मला कधी वाटलंच नाही.

माझा जन्म कुठल्या देशातला, ते मला नीट ठाऊक नाही. शहाऐंशी साली मुंबईच्या एका दुकानातून हरिहर साठ्यांनी मला घेतलं आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून डोंबिवलीला आणलं. डब्याला भेंडीच्या भाजीचा वास येत होता. हरिहरराव ठाण्याला कोलशेत रस्त्यावरच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळायचे. आठवडाभर कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायची आणि रविवारी घरातली बिघडवायची, असं त्यांच्याबद्दल नीलाताई म्हणायच्या.

त्यांच्या इमारतीत पाण्याची मोठी कटकट होती. नळाचं पाणी खालच्या टाकीत कधी यायचं याचा नेम नव्हता. आलं की कुणीतरी जाऊन पंप लावायचा आणि गच्चीवरची टाकी भरली की बंद करायचा. बिऱ्हाडांनी पाळ्या लावल्या होत्या, आणि ज्याची पाळी तो हमखास विसरायचा. मग गच्चीवरून धबधबा, नाहीतर खाली पाणी नसताना कोरडा फिरून जळलेला पंप. जिन्यात रोज भांडण.

हरिहररावांनी एका पत्र्याच्या पेटीत मला बसवलं. खालच्या टाकीत एक तरंगता गोळा, वरच्या टाकीत दुसरा, आणि मधे मी. खाली पाणी आहे आणि वरची टाकी भरलेली नाही, तर पंप चालू. नाहीतर बंद. एवढंच माझं काम. पण एवढंच बिनचूक व्हायला त्यांना सात रविवार लागले. आठव्या रविवारी जिन्यात कुणी भांडलं नाही, तेव्हा नीलाताई म्हणाल्या, "राखण चांगली करते हो तुमची पेटी." तेव्हापासून, हे काम ज्या अंकांत माझ्यात लिहिलं होतं, त्या अंकांचं नाव राखण पडलं.

आता हरिहररावांचा स्वभाव ऐका. शेजारच्या इमारतीतून लोक बघायला आले. कारखान्यातला एक मित्र म्हणाला, पेट्या करून विक. यांनी काय केलं, तर सगळा नकाशा आणि माझ्यात भरलेले सगळे अंक कागदावर उतरवले आणि स्टेशनजवळ जाऊन झेरॉक्स काढून आणल्या. मागेल त्याला एक संच. शेवटच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हे कुणीही करावे, बदलावे, दुसऱ्यास द्यावे. चूक सापडल्यास पोस्टकार्डाने कळवावी. सुधारणा करणाऱ्याचे नाव पुढील आवृत्तीत लिहिले जाईल.'

"अहो, फुकट द्यायचं ते द्या," नीलाताई म्हणाल्या, "पण वर चुका काढायचं आमंत्रण कशाला?"

"अगं, माझ्या घरी पंप एकच आहे," हरिहरराव म्हणाले. "लोकांकडे तऱ्हेतऱ्हेचे आहेत. ते कसे बिघडतात ते मला इथे बसून कसं दिसणार?"

आणि आली की पोस्टकार्डं! आंबिवलीचे देवराम मास्तर, कल्याणचे एक वकील, मानपाड्याची एक पिठाच्या गिरणीवाली. कुणाचा स्टार्टर वेगळा, कुणाला पाणी आल्याबरोबर घंटी हवी, कुणाला जिन्यातला दिवा तिन्हीसांजेला आपोआप लागायला हवा. प्रत्येक नव्या वस्तूसाठी हरिहरराव एक पान तयार करायचे, ती वस्तू राखणीला कशी जोडायची याचं. त्याला ते जोडपान म्हणत. पान एकदा लिहून सुटका नसायची. स्टार्टर करणाऱ्यांनी आतली एक वायर इकडची तिकडे केली की जोडपान निकामी व्हायचं आणि पुन्हा पोस्टकार्ड. मग रविवारी हे जमिनीवर फतकल मारून बसायचे, तो स्टार्टर कुठूनतरी मागून आणायचे, मला पेटीतून काढून नवं लिहायचे, आणि ते नीट चाललं की सगळ्यांना सुधारलेलं पान धाडायचे. पाकिटांवर पत्ते नीलाताई घालत, कारण यांचं अक्षर टपोरं असलं तरी पिनकोडात हमखास चूक.

एक तांबड्या पुठ्ठ्याची वही होती. कुणी काय सुचवलं, ते कधी घातलं, सगळं नावानिशी तिच्यात. स्वतःची चूकही ते तशीच लिहायचे: 'ही चूक माझी. ह. सा.' त्या वहीत हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. माणसं एरवी आपली चूक झाकायला किती धडपडतात! हा गृहस्थ तिची झेरॉक्स काढून वाटायचा. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि अजूनही वाटतो.

सुरुवातीला पुसायचा दिवा नव्हता, तेव्हा मला गच्चीत उन्हात ठेवायचे. आठ दिवस लागायचे. एका मे महिन्यात नीलाताईंच्या पोह्याच्या पापडांच्या शेजारी मी वाळत पडले होते. पापड चार दिवसांत वाळले, मी राहिले. "ही बया काय कडकडीत झाल्याशिवाय उठणार नाही," असं म्हणून त्यांनी मला उलथवलं, आणि खिडकी खाली गेल्यामुळे पुढचे दोन दिवस फुकट गेले. नंतर हरिहररावांनी एका लाकडी खोक्यात जांभळा दिवा बसवून घेतला. त्यात वीस मिनिटं पुरायची.

सगळं बरं होतं, एक दुखणं सोडून. टाकी भरत आली की पाणी डुचमळतं. गोळा वर, खाली, वर, खाली. पंप चालू, बंद, चालू, बंद. स्टार्टर खडखड वाजायचा आणि शेवटी जळायचा. वहीत या दुखण्याचं नावच खडखड होतं. हरिहररावांनी गोळ्याला वजन बांधून पाहिलं, स्प्रिंग लावून पाहिली, गोळा नळीत कोंडून पाहिला. पाच वर्षं झाली तरी दर महिन्याला देवराम मास्तरांचं पोस्टकार्ड यायचंच: 'आपला कृपाभिलाषी. खडखड आहेच.'

नव्वद साल उलटलं आणि एक दिवस कारखान्यातले फिटर दामाजी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी येऊन बसले. दामाजी बाळकुमचे कोळी. घर अगदी खाडीला लागून.

"साठ्येसाहेब, तुमची ती पेटी पाणी बघते ना? आमच्याकडे पण पाण्याचंच लफडं आहे," ते म्हणाले. "पण आमचं पाणी नळातून नाय येत ओ. खाडीतून येतं."

खाडीच्या कडेनं भराव पडत गेले तसं उधाणाचं पाणी त्यांच्या खालच्या खोलीत शिरायला लागलं होतं. त्या खोलीत दामाजींची आई जनाबाई खाटेवर असायची. अर्धांगाच्या झटक्यानं तिचा डावा पाय आणि हात गेले होते. दिवसा दामाजी कामावर, त्यांची बायको शेवंती मासळी घेऊन बाजारात. वरच्या अंगाला धाकूकाकांचं घर. ते दिवसभर जाळी विणत घरीच असत आणि हाक ऐकली की येऊन जनाबाईला उचलून नेत. पण जनाबाईचा आवाज आता तिथवर पोचत नव्हता. खोलीत विजेची वायर खालून गेलेली. पाणी तिथवर आलं तर काय होईल, या विचारानं उधाणाचे दिवस आले की दामाजींचं कामात लक्ष लागत नसे.

"आईंना वर का नेत नाही?" हरिहररावांनी विचारलं.

"येत नाय ना! बोलते, माझा जलम या खोलीत गेला, भिंतीतून खाडी आयकू येते. आता काय करायचं?"

तेव्हा मला बाळकुमला जाणं आलं. इमारतीच्या पेटीत माझी धाकटी बहीण बसली आणि मी नव्या पेटीतून खाडीवर गेले. काम असं ठरलं: पाणी शिरायच्या आधी खालच्या खोलीची वीज तोडायची आणि धाकूकाकांच्या घरात घंटा वाजवायची.

पाणी कधी येणार हे कसं ओळखायचं? खाडीत गोळा सोडायला हरिहरराव तयार नव्हते. टाकीतल्या डुचमळण्यानं एवढा छळ मांडला होता, तर खाडीच्या लाटांत काय होईल! घंटा दिवसभर वाजत राहील आणि मग तिच्याकडे कुणी लक्ष देणार नाही. त्यात दामाजींनी त्यांना कोळ्यांचा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत यायला वर थोडा उशीर. हरिहरराव खूश! पाऊणपट करणं माझ्या हातचा मळ. त्यांनी माझ्यात तिथी मोजायला बसवली, रोज एक पुढे.

तिथी कधी दोन दिवस मुक्काम करते, कधी एखादी गळते, हे त्यांना माहीत होतं. घरात पंचांग होतंच. म्हणून पेटीवर दोन बटणं ठेवली आणि दामाजींना तारखांची यादी लिहून दिली. तिथी थांबवायची त्या दिवशी काळं दाबा, गाळायची त्या दिवशी पांढरं. सात महिने काम चोख झालं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा नेमकी दोन दिवसांची आली. यादीत होतं: दुसऱ्या दिवशी काळं बटण. आता तुम्हीच सांगा, कोळ्याच्या घरात नारळी पौर्णिमेला बटणाची आठवण कुणाला राहील? होड्या रंगवायच्या, नारळ सोन्याच्या कागदात गुंडाळायचा, नारळीभात, पाहुणे, वाजंत्री. बटण राहिलं. मी आपली एक तिथी पुढे जाऊन बसले. म्हणजे घंटा पाऊण तास उशिरा.

सण आटोपला. तिसऱ्या दिवशी होड्या बाहेर गेल्या, दामाजी कामावर, शेवंती बाजारात. दुपारी मी माझा हिशेब करत होते आणि हिशेबानं अजून वेळ होता. तेवढ्यात उंबऱ्यावरून पाणी आत आलं. मला कळेना. पाणी चुकतंय की मी? वीज चालू होती. पाणी खाटेच्या पायांशी आलं आणि भिंतीतल्या वायरपासून वीतभर खाली राहिलं. जनाबाईनं उजव्या हातानं काठी उचलली आणि उशाशी टांगलेल्या पितळी परातीवर ठोकायला सुरुवात केली. किती वेळ ठोकत होती! अखेर ते धाकूकाकांच्या कानांवर गेलं. ते धावत आले, आधी ओट्यावरचा मोठा खटका पाडला आणि मग त्यांनी तिला उचललं. ती वर पोचल्यावर माझी घंटा वाजली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हरिहरराव रजा टाकून आले. शेवंती दारातच रडायला लागली. "सायेब, माझीच चुकी. बटन दाबाचा र्‍हायला."

"नाही, शेवंतीबाई," हरिहरराव म्हणाले. "सणाच्या दिवशी बटण विसरणं ही चूक नव्हे. तुमच्या सणाच्या दिवशी बटण दाबायला लावणं, ही चूक. ती माझी आहे." घरी जाऊन त्यांनी ते वहीत लिहिलंही. त्या पानावरची शाई फुटली आहे.

मग ते जनाबाईच्या खाटेशी बसले. पुढचं उधाण अमावास्येला, हातात बारा-तेरा दिवस. पंचांगावर आता त्यांचा भरवसा नव्हता आणि गोळ्यावर आधीपासूनच नव्हता. त्यांनी आपली अडचण म्हातारीला सांगून टाकली. होडी गेली, लाट आली, गोळा उचलला, की यंत्राला वाटतं भरती आली. लाट थांबवायचे सगळे उपाय करून झाले.

जनाबाई हसली. तिचं तोंड एका बाजूनंच हसायचं.

"लाट कशाला थांबवतंस रं सायबा? तू थांब ना. लाट आली का जाते. भरती आली का र्‍हाते. एकदा बघ, दोनदा बघ, तीनदा बघ. तरी पानी थयंच हाय, मंग हाक मार."

पाच वर्षं हरिहरराव पाण्याला स्थिर करायला बघत होते. आपणच जरा वाट बघावी, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते उठले, म्हातारीच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि मला पेटीतून काढून थेट डोंबिवली गाठली.

जांभळ्या दिव्याखाली जाताना एरवी मी कुरकुरायचे. त्या दिवशी नाही. पाऊणपट पुसली गेली, तिथ्या पुसल्या गेल्या, बटणं गेली. त्यांच्या जागी बारा अंक आले. गोळा वर दिसला तर वीस सेकंद थांब, पुन्हा बघ. असं तीनदा. मधे एकदा जरी खाली दिसला तरी पहिल्यापासून मोज. धाकूकाकांनी जाळं तरंगत ठेवणारा एक जुना बोया दिला. तो खाडीतल्या खांबाला बांधून त्याची दोरी खटक्याला जोडली, आणि बोयाचंही एक जोडपान तयार झालं.

अमावास्येला हरिहरराव पुन्हा रजा टाकून आले. दामाजीही घरी थांबले. दोघंही ओट्यावर उभे, पण जनाबाईला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. एक होडी गेली. बोया उचलला. मी मोजलं: एक. बोया खाली. पुन्हा एक, दोन, खाली. दामाजींनी ओठ दाबून धरले होते. मग पाणी चढलं आणि राहिलं. एक. दोन. तीन. खोलीतली वीज गेली आणि वरच्या घरात घंटा वाजली. उंबरा अजून कोरडा होता.

धाकूकाका आले आणि त्यांनी जनाबाईला उचललं. "हलू रं," ती ओरडली, "मी काय म्हावऱ्याची पाटी हाय?" दामाजी हसता हसता रडायला लागले आणि हरिहररावांनी चष्मा पुसायला काढला.

तेच बारा अंक त्यांनी गच्चीवरच्या पेटीत घातले आणि खडखड बंद झाली. मग झेरॉक्सा निघाल्या. वरच्या पानावर लिहिलं होतं: आवृत्ती नववी. सुधारणा: जनाबाई, बाळकुम. तिच्या नावाखाली तिचंच वाक्य, तिच्याच बोलीत. महिन्याभरानं देवराम मास्तरांचं पोस्टकार्ड आलं: 'खडखड नाही. जनाबाईंस साष्टांग नमस्कार.' दामाजींनी ते आईला वाचून दाखवलं. तिनं ते उशीखाली ठेवून घेतलं, आणि येईल त्याला वाचायला लावायची.

पुढे चार वर्षं मी त्या खोलीची राखण केली. जनाबाई गेली ती हिवाळ्यात, ओहोटीच्या वेळी, तिच्याच खाटेवर. जमीन कोरडी होती.

दामाजींनी मग जुनं घर पाडून उंच जोत्यावर नवं बांधलं. माझी गरज उरली नाही. पेटी कापडात गुंडाळून ते एका रविवारी डोंबिवलीला आले. हरिहररावांकडे तेव्हा कल्याणच्या हेमाबाई बसल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन राखण त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि तिच्यातलं वरचं पान वाटेत कुठेतरी गळलं होतं.

"काका, आमची टाकी फार डुचमळते," त्या विचारत होत्या. "जनाबाई तीन ठेवली आहे. पाच केली तर चालेल का?"

दामाजी दारातच थांबले.

"जनाबाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"अहो, ते थांबून मोजायचं असतं ना, त्याला म्हणतात," हेमाबाई उत्साहानं समजावायला लागल्या. "आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. जनाबाई किती ठेवली, असं. का ते मात्र माहीत नाही."

नीलाताई पाणी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. दामाजींनी पेटी छातीशी धरली होती. मी आत होते. मला त्यांचा श्वास कळत होता.

"पाचच ठेवा, बाई," ते म्हणाले. "माझी आई वाट बघायला कधी कंटाळली नाय."

त्यालाही आता काही वर्षं झाली. हरिहरराव निवृत्त झालेत, हात थोडा कापतो, पण रविवारी तांबडी वही उघडतातच. मला मात्र त्यांनी आठवण म्हणून या खणात ठेवलंय, खिडकीवर दुहेरी चिकटपट्टी लावून.

ही पट्टी मला नको आहे. तुमच्यापैकी कुणाला माझा उपयोग असेल, तर या, ती ओढून काढा आणि मला खुशाल उन्हात ठेवा. पापडांच्या शेजारी ठेवलंत तरी चालेल, फक्त उलथू नका. सगळं पुसा आणि तुमचं काय ते नवं लिहा. ते बारा अंक तेवढे पुन्हा घाला. आणि कागदाची झेरॉक्स काढाल तेव्हा वरचं पान गाळू नका. त्या पानावर तिचं नाव आहे.